आई आज विशेष उत्साहात

"तुझा तो डबा खोटं बोलतो," आई फोनवर म्हणाली.

मी एका हाताने रेवूला नाचणीचं सत्त्व भरवत होते. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. रेवू अजून वर्षाची व्हायची होती आणि प्रत्येक घास आधी माझ्या कुर्त्याला दाखवून मग तोंडात घ्यायची.

"खोटं म्हणजे काय?"

"मंगळवारी सकाळी तू फोन केलास. म्हणालीस, आज भल्या पहाटेच ओट्याशी उभी दिसतेस. आठवतंय?"

"हो. 'विशेष उत्साहात' असा मेसेज आला होता मला."

"मंगळवारी मी साताऱ्याला नलूमावशीकडे होते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. घराला कुलूप."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू एकटीने बसने जाऊ दिलं नसतंस. ते जाऊ दे. ओट्याशी कोण उभं होतं ते सांग."

"मांजर असेल."

"मांजर उत्साहात असेल. विशेष उत्साहात नसेल."

मी हसले. आईची सगळी नोकरी बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली होती. समोरच्याला एका वाक्यात गप्प करायची सवय तिला तिथेच लागली.

"ऋजू, ऐक," ती म्हणाली. "गाडी कुठे अडकलीय हे आम्हाला पुष्कळदा माहीतच नसायचं. मग आम्ही 'येतेच आहे' म्हणायचो. माणूस शांत होऊन बाकावर जाऊन बसायचा. तुझा डबा त्या खिडकीत बसलाय."

"आई, यंत्र आहे ते. खोटं बोलायची अक्कल त्याला नसते." मी सत्त्वाची वाटी खाली ठेवली. "मी तेच काम करते ना दिवसभर?"

"बरं," आई म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे विषय संपला असं मी समजायचे.

त्या डब्याबद्दल सांगायला हवं. आमची पुण्यातली कंपनी 'खुशाली' नावाचं एक यंत्र विकायची. जेवणाच्या डब्याएवढं, पांढरं, समोर एक हिरवा दिवा. गावाकडे एकटे राहणारे आईवडील आणि पुण्या-मुंबईत, परदेशात चिंता करणारी मुलं, यांच्या मधोमध आम्ही हा डबा ठेवला होता. फ्रिजवर किंवा कपाटावर तो बसवायचा. घरात कोण कधी हिंडलं-फिरलं हे तो सेन्सरने टिपायचा, रोज पहाटे आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि सकाळी मुलांना मेसेज पाठवायचा: 'आई ठीक आहेत.' हालचाल कमी असेल तर 'आई आज थोड्या मंद आहेत.' फारच जास्त असेल तर 'आई आज विशेष उत्साहात आहेत.'

बाबा गेल्यावर आई भोरच्या घरात एकटीच राहिली. पुण्याला ये म्हटलं की 'बघू' म्हणायची. मी कंपनीतच होते, तेव्हा तिच्या फ्रिजवरही एक डबा बसला. मी काळजी करणारी बाई. रात्री उठून रेवूच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचे. तो चालू आहे हे कळल्यावर तिला जाग तर आली नाही ना, ही काळजी. त्यात भोरची काळजी मावणं शक्य नव्हतं. रोज सकाळी 'विशेष उत्साहात' वाचलं की तेवढा भार उतरायचा.

गौरी-गणपतीनंतर तर आई रोजच विशेष उत्साहात होती. एकटी माझीच नाही. आमच्या सगळ्याच ग्राहकांचे आईवडील उत्साहात होते. हर्षवर्धन भडकमकर, म्हणजे आमचे मालक हर्ष सर, यांनी त्याचा आलेखच काढला. भाद्रपदापर्यंत रेघ खाली-वर, त्यानंतर पठारासारखी सपाट आणि उंच. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो भिंतीवर दाखवला.

"आपण ज्येष्ठांना उत्साह देतोय," सर म्हणाले. "हे नुसतं यंत्र राहिलं नाही आता. ही चळवळ आहे."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

खंडेनवमीला ऑफिसात यंत्रांची पूजा असायची. सर त्याबाबत कडक. वर्षभर राबणारी यंत्रं त्या दिवशी विसावलीच पाहिजेत, म्हणून सकाळपासून सगळं बंद. कॉम्प्युटरांना झेंडूच्या माळा, प्रिंटरला हळदकुंकू, सरांच्या मोठ्या टीव्हीखाली रांगोळी. चौरंगावर मधोमध खुशालीचा डबा. पाळणाघराला सुट्टी आणि नवरा कामावर गुजरातेत, त्यामुळे रेवू माझ्या कडेवर होती आणि तिचं सगळं लक्ष कुंकवाच्या करंड्यावर.

आरती झाली. फोटोसाठी डबा टीव्हीला जोडायचा होता, म्हणजे त्याचा हिरवा मेसेज मोठ्या पडद्यावर झळकला असता. हा डबा कधी कुणाच्या घरी पडद्याला जोडलेला नसतो. हिरव्या दिव्यापलीकडे त्याच्या पोटात काय चालतं हे कुणी बघत नाही. तुषार गुळवणीने बटण दाबलं. तुषार माझा वरिष्ठ. मनाने चांगला, आवाजाने मऊ, आणि सरांपुढे दोन्ही जास्तच.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. यंत्र जागं होताना असं होतंच. त्यात एक ओळ लाल होती. मग आणखी एक. दोन्ही क्षणात वर निघून गेल्या. लगेच पडदा हिरवा झाला आणि अक्षरं आली: 'डेमो आई आज विशेष उत्साहात आहेत.'

सगळ्यांनी फोटो काढले.

"तुषार, लाल काहीतरी गेलं," मी म्हणाले.

"कुठे?"

"आत्ता. दोन ओळी."

"आज लाल शुभच," हर्ष सर म्हणाले आणि पेढ्यांकडे वळले.

मला मात्र भलत्याच गोष्टीने टोचलं होतं. तो डबा सकाळपासून बंद होता. त्याआधी महिनाभर कपाटात होता. ही डेमो आई उत्साहात कुठे होती? कपाटात?

"तुषार, पुन्हा सुरू कर. हळू."

"अगं, पूजेची यंत्रं आहेत. आज काम करत नाहीत."

"काम नाही. बघायचंय फक्त."

तुषारने इकडेतिकडे बघितलं आणि कीबोर्डावरची झेंडूची माळ बाजूला केली. डबा लिनक्सवर चालायचा. तो जागा होताना कुठला भाग आधी उठवायचा, कुठला नंतर, हे ठरवणारं आमचं एक छोटं टूल होतं. ते टूल म्हणजे एक शेल स्क्रिप्ट, कॉम्प्युटरला एकाखाली एक दिलेल्या सूचना. उठ, सेन्सर लाव, नेट जोड, मेसेज पाठव. त्या स्क्रिप्टला असंही सांगता येतं की प्रत्येक सूचना पाळण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखव. तुषारने तसं सांगितलं. मी रेवूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पडद्याला नाक लावून उभी राहिले.

पहिली लाल ओळ: नव्या सेन्सरची फाइल ठेवायला जागा नाही.

दुसरी लाल ओळ: सेन्सर सापडला नाही.

त्याखाली पांढऱ्या अक्षरांत, कसलाही संकोच न करता: पुढे चला.

"जागा नाही म्हणजे?" मी विचारलं.

"सुरू होण्याचा जो कप्पा असतो ना, तो लहानच असतो. जुन्या फायली काढायच्या राहिल्या असतील." तुषारने मान खाजवली. "गौरीजेवणाच्या संध्याकाळी आपण सगळ्या डब्यांना नवी आवृत्ती पाठवली होती. ती बसली नाही वाटतं."

"मग सेन्सर चालू आहे का?"

"नसणार."

"कधीपासून?"

तो कीबोर्डावर गळलेल्या झेंडूच्या पाकळ्या झटकू लागला.

"तुषार, सेन्सर बंद असेल तर डबा मेसेज कशाच्या जोरावर पाठवतो?"

"शेवटची जी नोंद असेल ती उचलतो."

शेवटची नोंद. गौरीजेवणाच्या दिवसाची. म्हणजे राज्यातल्या यच्चयावत आया त्या दिवशी पहाटेपासून पुरण वाटत होत्या, पोळ्या लाटत होत्या, पाहुण्यांना वाढत होत्या. तो दिवस आमच्या डब्यांनी जपून ठेवला होता आणि महिनाभर रोज सकाळी ताजा म्हणून वाढत होते. हर्ष सरांचं पठार पुरणपोळीचं होतं.

"पण ते लाल आलं की स्क्रिप्ट थांबायला हवी ना?" मी म्हणाले. "थांबली असती तर हिरवा दिवा लागला नसता. कुणाला तरी कळलं असतं."

तुषारने बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक सूचनेच्या शेवटी दोन उभ्या रेघा होत्या आणि पुढे एक छोटा शब्द, 'ट्रू'. आमच्या भाषेत त्याचा अर्थ असा की, आधीचं काम फसलं तरी फसलं नाही असं समज. एखाद्या ठिकाणी विचारपूर्वक घालतात तसं. इथे प्रत्येक ओळीला होतं, शर्टाला बटणं असावीत तसं.

"कुणी घातलं हे?"

"मीच," तुषार म्हणाला. "गुंतवणूकदार आले होते तेव्हा डेमोत लाल दिसलं. सर म्हणाले, लाल दिसता कामा नये."

"दिसता कामा नये की होता कामा नये?"

"ते त्यांनी स्पष्ट केलं नाही."

मी फोन काढला. त्या दिवशी सकाळचा मेसेज वर होता. आई आज विशेष उत्साहात आहेत. मी आईला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेजारच्या शिर्केकाकूंना लावला, त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली असायची. त्या कोल्हापूरला अंबाबाईला गेलेल्या. मागून टाळमृदंग ऐकू येत होता. "अगं असेल देवघरात," त्या ओरडून म्हणाल्या. "आज खंडेनवमी ना."

मी सरळ सरांच्या खोलीत गेले. तुषार मागे. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं, मधे एकदा रेवूच्या गालाला हात लावला.

"दुरुस्त करा," ते म्हणाले. "पण गाजावाजा नको."

"सर, आज सगळ्या ग्राहकांना फोन करायला हवेत. मुलांना सांगायला हवं की आपापल्या घरी चौकशी करा."

"काय सांगणार? तुमची आई कशी आहे ते आम्हाला माहीत नाही, असं?"

"हो."

"ऋजुता, ते त्यांनाही माहीत नसतं. म्हणून तर ते आपल्याकडे येतात." सरांनी पेढ्याचा अर्धा तुकडा ताटलीत ठेवला. "आपण खुशाली विकतो. बातम्या नाही. आणि सणाच्या दिवशी?"

"सर, माझीही आई फोन उचलत नाहीये."

"मेसेज काय आलाय?"

"विशेष उत्साहात."

"मग?" सर म्हणाले. पुढच्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घसा साफ केला. "जा तू. नक्की जा. तुषार, गाडी काढ. आणि ऐक, दुरुस्ती लगेच सगळीकडे पाठवू नकोस. एका रात्रीत सगळे आईवडील मंद झालेले दिसतील. ते जरा टप्प्याटप्प्याने करू."

तुषारने गाडी काढली. कात्रजपर्यंत दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग आणि त्यांच्यावर वाकलेली माणसं. गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. मी मिनिटामिनिटाला फोन लावत होते. रेवू माझ्या मांडीवर उभी राहून काचेला कुंकवाचे ठसे उमटवत होती. करंड्यात तिने हात कधी घातला ते मला कळलं नव्हतं. माझ्यासारख्या बाईला कळलं नव्हतं.

"उचलतील गं," तुषार म्हणाला. "ठीक असतील."

"कशावरून?"

त्याने ब्रेक दाबला, समोर टेम्पो आला म्हणून.

कापूरहोळला वळल्यावर रस्ता मोकळा झाला. तेव्हा मला आईचं ते 'बरं' आठवलं. ती चौकशीच्या खिडकीबद्दलचं बोलून थांबली होती. आणखी काही सांगायचं होतं का तिला? बसने साताऱ्याला गेली, मला न सांगता. मग न सांगता आणखी काय काय करत असेल? मी रोज सकाळी मेसेज वाचून तिला विचारायचे, 'काय गं, आज जोरात?' आणि ती म्हणायची, 'हो ना.'

घराचं पुढचं दार आतून बंद होतं. कडी वाजवली, हाका मारल्या. आत कुठेतरी माझाच फोन वाजत होता, म्हणजे तिचा, माझ्या हातून लागलेला. मी रेवूला तुषारकडे दिलं आणि मागच्या अंगणात गेले. न्हाणीघराच्या खिडकीच्या गजांतून हात घातला की परसदाराची आतली कडी निघते. शाळेत असताना उशीर झाला की मी तशीच घरात शिरायचे आणि आईला ते माहीत नाही असं समजायचे.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर होती. फ्रिजला पाठ टेकून, एक पाय सरळ आणि दुसरा नको तसा वळलेला. शेजारी आडवं पडलेलं स्टूल. पलीकडे पाटावर पूजेची मांडामांड झाली होती. विळी, कात्री, सुईदोऱ्याचा डबा, बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. मधे एक जागा रिकामी.

"आलीस?" आई म्हणाली. ओठ कोरडे पडले होते. "फोन वाजत होता मघापासून. म्हटलं तुझाच असणार."

"आई, काय झालं? कशी आहेस?"

"ठीक आहे गं. जरा कंबरेत भरलंय."

ती 'जरा' म्हणाली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. मी तिच्या पायाला हात लावला आणि तिने श्वास आत ओढला.

"कधी पडलीस?"

"सकाळी. आंघोळ झाल्यावर." तिने नजर वर केली. "तो काढत होते. म्हटलं, तोही यंत्रच आहे. आजच्या दिवशी त्याच्यावरही दोन फुलं ठेवावीत. उगाच बोलले त्याला खोटारडा म्हणून."

मी वर बघितलं. फ्रिजच्या काठाशी डबा होता, अर्धा पुढे ओढलेला. हिरवा दिवा शांतपणे उघडझाप करत होता.

"आज काय म्हणाला तो?" आईने विचारलं.

"विशेष उत्साहात आहेस."

आई हसायला गेली आणि दुखलं म्हणून थांबली. तेवढ्यात तुषार रेवूला घेऊन दारात आला. त्याने आईकडे बघितलं, मग वर डब्याकडे, आणि तिथेच उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर कुंकवाचे पंजेच पंजे होते.

"हिला कशाला आणलंस एवढ्या उन्हाची?" आई म्हणाली. "आणि हे कोण? बसा ना. चहा टाकते."

अँब्युलन्स आली तेव्हा तिने चालकालाही पाणी विचारलं. पुण्याच्या हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि तिच्या खुब्यापाशी बोट ठेवून विचारलं, "आजी, किती दुखतंय?"

"नाही विशेष," आई म्हणाली.

डॉक्टर फोटोकडे आणि तिच्याकडे आलटून पालटून बघत राहिले. मला तेव्हा आईच्या बोलण्यात त्या दोन उभ्या रेघा दिसल्या. त्या तुषारने घातल्या नव्हत्या. तुषारच्या कितीतरी आधी, कुणी गुंतवणूकदार न येताही, त्या तिथे होत्या. बाबांच्या आजारपणात, माझ्या बाळंतपणात, निवृत्तीच्या दिवशी. प्रत्येक ओळीच्या शेवटी.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी, आईचं ऑपरेशन चालू असताना, माझा फोन किणकिणला. 'आई आज विशेष उत्साहात आहेत. आपणा सर्वांना विजयादशमीच्या शुभेच्छा.'

हॉस्पिटलच्या बाकावर बसून तुषारने आणि मी ग्राहकांच्या आईवडिलांनाच थेट फोन लावायला सुरुवात केली. सरांना विचारलं नाही. बहुतेक आईवडिलांनी फोन उचलला आणि बहुतेक जण ठीक होते, म्हणजे तसं म्हणाले. तुषार नंतर नंतर एवढंच विचारायला लागला, "काका, आत्ता उभे राहून खिडकीपर्यंत जाऊन येता का? मी थांबतो." एक आजोबा म्हणाले, कालपासून उठताच येत नाहीये, पण मुलाला सांगू नका, तो कॅनडात काळजी करेल. तुषारने सांगितलं. पहिल्यांदाच त्याने कुणाची तरी आज्ञा मोडली.

मग मी नोकरी सोडली. तुषार काही दिवस राहिला, स्क्रिप्टमधल्या रेघा काढून टाकेपर्यंत. त्या काढल्यावर डबे आठवड्यातून एकदोनदा लाल व्हायला लागले आणि ग्राहकांच्या तक्रारी यायला लागल्या. सरांनी त्यावर उपाय काढल्याचं पुढे कानावर आलं. मेसेज आता 'आई ठीक आहेत (अंदाजे)' असा येतो म्हणे.

याला बरीच वर्षं झाली. रेवू आता शाळेत जाते आणि पडली की तिथल्या तिथे गळा काढते. मी तिला कधीही 'काही झालं नाही, उठ' असं म्हणत नाही. आई काठी घेऊन चालते, भोरलाच राहते, आणि पुण्याला ये म्हटलं की अजूनही 'बघू' म्हणते. डबा आता माळ्यावर आहे. शनिवारी मी न कळवता जाते. ती चिडते.

हे वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे कुणीतरी आलं असेल. आई असेल, मामा असेल, वरच्या मजल्यावरचे ते एकटे गृहस्थ असतील. त्यांना फोन करू नका. फोनवर सगळे ठीक असतात. एकदा जाऊन या. कडी वाजवा आणि दार उघडायला किती वेळ लागतो, तेवढं बघा.